फुटांचा डबा आणि पिवळा नवरदेव

मी, श्रीमती सुभद्राबाई मुंजाजी कऱ्हाळे, वय ७१, बी.ए., राहणार वसमत, जिल्हा हिंगोली, गुडघे सोडून सर्व बाजूंनी शाबूत आहे. हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. कोणाचे ऐकण्याची मला सवय नाही.

१. राहते घर मुलगा विजयकुमार यास. स्वयंपाकघराचे छत गळते, हे त्याला दर पावसाळ्यात सांगितले आहे. आता त्याच्याच डोक्यावर गळेल.

२. बँकेतील ठेवीतून माझे तेरावे करावे. बुंदी असावी. गोडाशिवाय माझ्याबद्दल कोणी चांगले बोलणार नाही.

३. शिलाईचा कारखाना, मशिनी व फुटांचा डबा. यावर पुतण्या शिवहार डोळा ठेवून आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

फूट म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणारा लोखंडी पाय. चेनला एका बाजूचा, रेक्झिनला चाकाचा, काठ दुमडायला गाइड. कापड पाहून फूट बदलायचे, एवढाच आमचा धंदा. शिवहार सगळ्याला एकच साधे फूट लावतो.

विजयकुमारच्या लग्नात नवरदेवाच्या जीपची रेक्झिनची सीटे शिवहारनेच शिवली. साध्या फुटाखाली रेक्झिन अडकले. फूट बदलायचे सोडून, रेक्झिन सरकावे म्हणून त्याने वर पावडर टाकायची ठरवली. अंगाची पावडर संपली होती. वसमतमध्ये हळदीला काय तोटा? तीच भुरभुरली. नवरदेव पांढऱ्या कपड्यांत मांडवापाशी उतरला तो मागून पिवळा. शिवहार म्हणे, "मोठी माय, हळद तं शुभच असती." वऱ्हाड हसले. मी हसले नाही.

तेवढ्यात नवरी, प्रियंका, जीपमध्ये वाकली. शिलाईवर नख फिरवले आणि सासूशी पहिले वाक्य बोलली, "आत्याबाई, चाकाचं फूट काहून न्हाई लावलं?" तिचे माहेर कुरुंद्याचे, वडील ट्रॅक्टरची सीटे शिवतात. डबा त्याच दिवशी द्यायला हवा होता. पण मी नुकतीच सासू झाले होते.

तरी कारखाना, मशिनी व डबा सून प्रियंका हिलाच. शिवहारला कामावरून काढू नये, त्याची शिलाई सरळ असते. मात्र दर कामाला त्याने तिच्याकडून फूट मागून घ्यावे. लाज वाटल्यास हळद आहेच. विजयकुमारने मध्ये बोलू नये. त्याची शिलाईची पारख त्या दिवशी सगळ्यांनी मागून पाहिली आहे.

४. मला ज्या गाडीतून नेतील तिची गादी शिवहारने शिवलेली असल्यास आधी ओल्या फडक्याने पुसावी. मला पांढरे पातळ नेसवायचे आहे.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.

सुभद्राबाई मुंजाजी कऱ्हाळे

साक्षीदार:
शेषराव ग्यानबा ढोरे (सही करताना हसले, तरी सही खरी धरावी)
रुख्मिणीबाई किशन बेंडे

वसमत, दि. १४ फेब्रुवारी २०२५