पट्टीवरचा चौथा ठिपका

निपाणी, ३ फेब्रुवारी २०२५

चि. पारमितास,
तानीआत्याचा जयभीम आणि लई आशीर्वाद. फोन करीत न्हाय. आमचा मुकादम भिंतीपलीकडंच राहतो.

आमच्या तंबाखूच्या वखारीत मालकानं बायकांची लघवी तपासायचं काढलंय. बाटलीत पट्टी बुडवून यंत्रात घालत्यात. अंगात तंबाखूचं विष किती गेलं ते कळतंय म्हणं. जो नाकाला बांधायला फडकं देत न्हाय, त्याला आमची काळजी कधीपासनं? निकाल दावत न्हाईत. काल माझ्या शेजारी बसणाऱ्या रचनाला कामावरनं काढलं, हात संथ झालाय म्हणून. तिच्याइतकं झटपट पान कोण निवडत न्हाय! तू असल्याच यंत्रांवर काम करतीस, म्हणून विचारते.
माया हायच, ती पत्रातनं दिसू दे.
तानीआत्या

बेळगाव, ७ फेब्रुवारी

ती. आत्यास जयभीम, वि. वि.
तुझा संशय मला पटतो. पट्टीवरचा प्रत्येक ठिपका एकेक पदार्थ ओळखतो. तो सापडला की ठिपक्यातला विजेचा बारीक प्रवाह बदलतो. तंबाखूला एक ठिपका पुरे. जास्त आहेत का ते बघते; एखादी कोरी पट्टी मिळाली तर पाठव, पण जपून. मशेरी सोडलीस का? नाहीतर तुझ्या बाटलीनं यंत्रच बंद पडायचं.
तुझ्या रागासकट लोभ हवा.
पारमिता

बेळगाव, १७ फेब्रुवारी

ती. आत्यास जयभीम, वि. वि.
पट्टी पोचली. ठिपके चार. तंबाखू, साखर, मूत्रपिंड. आणि चौथा गर्भारपणाचा. आमच्या प्रयोगशाळेत गरोदर बाईच्या नमुन्यावर तो लगेच बोलला. बाळंतपणाची भरपगारी रजा टाळायचा हा डाव दिसतो. रचनाला दवाखान्यात ने. कामगार खात्यातल्या बाईंना मी भेटले. त्या म्हणाल्या, मालक कानांवर हात ठेवेल. म्हणून पुढच्या तपासणीच्या दिवशी त्या स्वतः येणार आहेत, गुपचूप.
सांभाळून राहा, तेवढाच लोभ.
पारमिता

निपाणी, २६ फेब्रुवारी

चि. पारमितास जयभीम, आशीर्वाद.
रचनाला तिसरा महिना हाय. तिला सवताला ठावं न्हवतं, मालकाला आधी कळलं!

काल तपासणी झाली. आम्ही समद्यांनी बाटल्यांत रचनाचीच लघवी भरली, पाणी घालून. कामगार खात्याच्या साहेबबाई डोईवर पदर घेऊन आमच्यात बसल्या. यंत्रातला निकाल बघून मुकादमानं मालकाला हाक मारली. मालक धावत आला नि वरडला, समद्या एकदम पोटुशा कशा, आणि ही सत्तरीची मालुबाई बी? तवा साहेबबाई उठल्या. तपासणी तंबाखूची हाय न्हवं, मग पोटाचं कसं कळलं, असं शांतपणी विचारलं.

यंत्र जप्त झालं. आज रचना कामावर आली. मालकानं सवता तिच्यापुढं चहा ठेवला. तिनं वास घेतला, नि कप तसाच परत सरकवला.
अशीच पाठीशी राहा गं.
तानीआत्या