आईला चिनी हॉटेलात नेलं तेव्हाचं

अप्पा,

हे पत्र मी दीड महिना टाळतेय. खरं तर बारा वर्षं टाळतेय म्हटलं तरी चालेल, कारण तुम्ही गेलात त्या आठवड्यातही मला तुम्हाला काहीतरी लिहायचं होतं आणि मी कॅसलरॉकला जाऊन फलाटावर गाड्या बघत बसले. पण आत्ताचं टाळणं वेगळं. आत्ता सांगायला गोष्ट आहे, ती तुम्हालाच सांगायला पाहिजे, आणि तुम्हालाच ती आवडणार नाही. तीनदा वही उघडली. पहिल्यांदा पेन चालेना. दुसऱ्यांदा चहा ठेवला आणि कप हातात घेऊन शेजारच्या वहिनीकडे गेले ती जेवणाच्या वेळेला परतले. तिसऱ्यांदा नुसतं ‘अप्पा’ लिहिलं आणि त्या शब्दाकडे बघत बसले. अक्षर अजून तसंच आहे, नववीत शाळा सोडली तेव्हाचं.

घरातूनच लिहितेय. चार दिवस झाले येऊन. आई नाही. ती बेळगावला मावशीकडे आहे, डोळ्याचं ऑपरेशन झालं तिचं. हे मला वहिनीनं किल्ली हातात देताना सांगितलं, कारण दीड महिना मी आईला फोन केला नव्हता आणि तिचेही उचलले नव्हते. मी भांडायला आले होते. बेंगळूरहून येताना सगळी वाट तयारी करत आले, कुठलं वाक्य आधी, कुठलं नंतर, आणि बघते तर दाराला कुलूप. भांडायला कोणी नसलं की माणूस काय करतो? मी घासलेली भांडी परत घासली. बसथांब्यापर्यंत गेले, दोन बसा गेलेल्या बघितल्या, परत आले. रात्री ट्रकचा आवाज आला तरी वाटतं, हा सुप्याकडे चाललाय की लोंढ्याकडे, आणि आपण का नाही चाललो. एका घरात चार दिवस मी गेल्या कित्येक वर्षांत बसून राहिले नसेन. आई कशी राहिली कोण जाणे.

तर ते हॉटेल. चिनी हॉटेल. गाड्यावर लाल भात मिळतो ते चायनीज नव्हे, तसलं आता आपल्या रामनगरच्या बाजारातही मिळतं. हे खरोखरच्या चिनी माणसांचं, तीन पिढ्या बेंगळूरात राहिलेल्यांचं. मी पार्सलच्या गोदामात काम करते (मधे गणेशगुडीला बोटींवर होते, त्याआधी गोव्याला, ते सांगत बसत नाही), आणि गोदामाच्या वाटेवर ते लागतं. काचेला कायम आतून वाफ धरलेली. बोटानं पुसल्यासारखी एक जागा असायची, तिथून दिसायच्या बांबूच्या गोल टोपल्या, विणलेल्या, एकीवर एक रचलेल्या. प्रत्येकीत तीन-चार घास, वाफेवर उकडलेले. डिमसम म्हणतात. दोन वर्षं मी बाहेरूनच बघत होते. एकटीनं आत जायला का कोण जाणे धीर होईना. मग आई डोळे दाखवायला बेंगळूरला आली आणि ठरवलं, हिला इथं न्यायचं. पोरगी शहरात नुसती खोकी उचलत नाही, चार चांगल्या जागाही बघते, असं तिला दाखवायचं होतं.

आईबरोबर कंडक्टर आले होते. तुम्ही ओळखता त्यांना. उळवीच्या गाडीवर होते ते. आई सकाळी तुमचा जेवणाचा डबा बसच्या खिडकीतून त्यांच्या हातात द्यायची आणि ते लाकडाच्या डेपोच्या फाटकाशी तो तुमच्या हातात द्यायचे. आता निवृत्त झालेत, बायको वारली, रामनगरात एकटेच असतात. आईला लांबचा प्रवास एकटीला झेपत नाही, ओळखीचा माणूस सोबत आला, एवढंच मला वाटलं. उलट बरं वाटलं. हे मुद्दाम लिहितेय, कारण नंतर मी जे बोलले ते तुम्ही ऐकाल तेव्हा वाटेल मी पहिल्यापासूनच दात धरून होते. तसं नव्हतं.

आत गेलो तर गोल टेबलं, आणि एक सत्तरीची चिनी म्हातारी चाकाचा गाडा ढकलत फिरतेय. गाड्यावर टोपल्या. आपल्यापाशी थांबते, झाकण उचलते, वाफ अंगावर येते, हवं तर घ्या नाहीतर नको म्हणा. आता आपल्या पंगतीत वाढप्याला नको म्हणायचं म्हणजे पानावर आडवा हात धरायचा, तोही आग्रह झाल्यावर. इथं आग्रहच नव्हता, म्हणून आईला नको म्हणताच येईना. म्हातारी झाकण उचलायची, आई मान डोलवायची, टोपली टेबलावर. पारदर्शक पारीतली कोळंबी झाली, पांढरे पाव झाले, मुळ्याच्या वड्या झाल्या, नऊ टोपल्या झाल्या. मी हळूच म्हटलं, नको म्हटलं तरी चालतं. तर म्हणाली, “एवढी म्हातारी बाई गाडा ढकलत आलीया. तिला न्हाई कसं म्हणायचं?” दहाव्या टोपलीत कोंबडीचे पाय निघाले, लाल रश्शात मऊ शिजलेले. आई बघतच राहिली. आपल्याकडे कोंबडी झाली की तुम्हाला मांडी, मला कलेजी, आणि पातेल्याच्या तळाला राहिलेले पाय तिला. “ह्ये हाटेलात मिळतंय?” म्हणाली, आणि एक उचललाच.

टेबलाच्या मधोमध मोठी गोल काच होती, बोटानं ढकलली की फिरणारी. आईला ती फार आवडली. टोपली ठेवली की ती काच ढकलून आधी माझ्यापुढे आणायची, मग कंडक्टरांपुढे, आणि स्वतःपुढे आली की परत ढकलायची. तिच्यापुढे काही थांबेचना. तिला ते कळतही नव्हतं, मलाही नव्हतं, मी मजेत खात होते. मग कंडक्टरांनी काचेच्या कडेवर एक बोट ठेवलं. काच थांबली. नुकतीच आलेली टोपली आईपुढे होती. “आधी तुमी घ्या,” ते म्हणाले. “गरम हाय तवर.” आई घेईना. ते बोट काढीनात. शेवटी तिनं एक तोंडात टाकलं आणि तिचं तोंड पोळलं. डोळ्यांत पाणी, हातानं वारा घालतेय, आणि हसतेय. अप्पा, आईचं तोंड पोळलेलं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. तुम्ही बघितलं होतं का? खरंच विचारतेय. मला आठवते ती आपण दोघं उठल्यावर चुलीपुढे पाट ओढून बसलेली, आणि तोवर सगळं गार.

त्या म्हातारीला आमची गंमत वाटली असावी. ती कानडीत बोलायला लागली, अगदी बेंगळुरी कानडीत, आणि आई लगेच आपल्या कानडीत सुरू. हवापाण्याच्या गप्पा झाल्या, गुडघेदुखीच्या झाल्या. म्हातारीनं शिकवलं की किटलीचं झाकण उघडं ठेवलं की चहा भरून मिळतो, आणि कुणी कपात ओतला की तोंडानं काही म्हणायचं नाही, टेबलावर दोन बोटं हळू वाजवायची, झाले आभार. आईनं चहा ओतला. कंडक्टरांनी दोन बोटं टपटप वाजवली. आई म्हणाली, “गाडी सोडतासा काय? रैट म्हणा की मग.” ते म्हणाले, “एक बाई अजून चढायची हाय.” आणि दोघंही हसली. मी घास धरून बसले. मला ती हसण्याची तऱ्हा ओळखीची नव्हती.

तेव्हा म्हातारीनं सहज विचारलं, “इवरु निम्म मनेयवरा?” हे तुमचे मालक का, म्हणून. आई म्हणाली, “इन्नू इल्ला.”

अजून नाही.

बस अजून आली नाही, असं सांगावं तितक्या साध्या आवाजात. त्यांना ते मला आधी सांगायचं असेल, त्यासाठीच दोघं आली असतील, डोळे हे एक निमित्त असेल. पण मला ते परक्या बाईला दिलेल्या दोन शब्दांतून कळलं. मग मी विचारलं, डब्याच्या वेळेपासून का हे? सगळ्यांपुढे विचारलं. म्हातारी गाडा घेऊन बाजूला झाली. आईनं मात्र माझ्याकडेच बघितलं. “डबा खिडकीतनं दिला की मी माघारी वळायची. ह्येंचं तोंड मी धड बघितलं ते ह्या दोन वर्सांत. तुझ्या बापाचं नाव घिऊन सांगते.” मला खरं वाटलं. तुम्हीही खरं माना, तेवढ्यासाठीच हे सगळं लिहितेय. पण खरं वाटलं म्हणून राग गेला असं झालं नाही. मी म्हटलं, “आणि घर? सगळीच गेली तर घर कोण बघणार?”

आई म्हणाली, “तू बघतीस?”

टोमणा नव्हता. तिला खरोखर उत्तर हवं होतं, हो म्हटलं असतं तर ती कदाचित थांबलीही असती. मी उठले. आपल्यात पंगत बसलेली असताना कुणी उठत नाही, एवढं लहान पोरालाही कळतं. मी हात न धुता उठले आणि चार थांबे चालत गेले. दुसऱ्या दिवशी ती दोघं परतली.

ते घराचं वाक्य माझं नव्हतं, अप्पा. तुमचं होतं. मी बारा वर्षांची असताना उळवीच्या जत्रेत धारवाडकडच्या एका बैलगाडीवर चढले आणि बायका भजनं म्हणत होत्या ती ऐकत ऐकत कुठच्या कुठे गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतले. तुम्ही डेपोला न जाता पायरीवर बसलेले. मारलं नाहीत. “सगळीच अशी गेली तर घर कोण बघणार?” म्हणालात. आणि आई आतून आली, हात तांदळाच्या पिठाचे, आणि म्हणाली, “जाऊ दे तिला. मी हाय की घरात.” पुढच्या बाजाराला तुम्ही मला निळे कापडी बूट आणलेत, एक नंबर मोठे. रागावणं खरं धरायचं की बूट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी बूट धरले. बूट घालून निघाले ती निघालेच.

ह्या चार दिवसांत, बसून बसून, एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. मी फिरले ते आईच्या त्या शब्दांवर फिरले. गोव्यात नोकरी सुटली, बेंगळूरात ताप आला, कुठेही असले तरी फोन लावला की ती म्हणायची, मी घरातच हाय, ये कवाबी. आलेच नाही फारशी. पण ती आहे, हे पुरायचं. त्या टेबलाशी ती हसली तेव्हा मला तुमची आठवण येऊन वाईट वाटलं, असं मी स्वतःला सांगत होते. ते खोटं. तुम्ही मला आठवलासुद्धा नव्हता. मला भीती वाटली की आता माझी वाट बघत कोणी बसणार नाही. तुमचं नाव मी पुढे केलं, एवढंच. तुम्हाला विचारायला हवं होतं आधी. आणि माणूस वाईट आहे असं काही माझ्याकडे नाही हो. डोळ्यांच्या दवाखान्यात दोन तास रांगेत उभे होते ते, तिला बाकावर बसवून.

हे पत्र कुठे जाणार नाही हे तुम्हालाही माहीत आहे. वहीतच राहील, आणि वही मी कुठल्यातरी खोलीवर विसरेन. उद्या बेळगावला जावं असं वाटतंय, म्हणजे मावशीच्या दारापर्यंत तरी, पुढचं पुढे

परड्यात कुणीतरी आहे.

बादलीचा आवाज आला म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं. कंडक्टर आहेत. सकाळच्या गाडीनं आले असणार. चपला कुंपणापाशी काढून ठेवल्यात, पायजमा वर खोचलाय, आणि फणसाखाली सुपारीची रोपं आहेत त्यांना तांब्यानं पाणी घालतायत, एकेका रोपाला वाकून. दोन ओळी आहेत, प्रत्येकाला माडाच्या झावळीची सावली बांधलेली. मी आत आहे हे त्यांना ठाऊक नाही. मला तिथं रोपं आहेत हेच ठाऊक नव्हतं, अप्पा. घर कोण बघणार म्हणून विचारणारी मी, चार दिवसांत मागचं दार उघडलेलं नाही.

आता त्यांना चुलीचा धूर दिसलाय. तांब्या हातात धरून उभे आहेत. “कोण हाय आत?” विचारतायत. ह्या दाराची कडी घट्ट आहे, एका हातानं निघत नाही. पेन ठेवते.