उत्तरेची खिडकी आणि पॉप्लरची पानं

लोअर हट,
१० मार्च २०२६

चि. अस्मितास,
सुधाकरमामाचे अ. उ. आ. विशेष.

फोनवर मला तुझं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुझी मामी मध्येच बोलून खाऊन टाकते, म्हणून हे पत्र. विषय एकच, पॉप्लर! आम्हाला इथे लेकाकडे येऊन तीन वर्षं होत आली आणि मे महिन्यात आम्ही कायमचे पुण्याला परत चाललो आहोत. पानगळीआधी सोनेरी झालेली तुझ्याकडची झाडं बघायची ही शेवटची संधी. ती हुकली तर पुण्यातल्या लोकांना मी काय सांगू, तीन वर्षं न्यूझीलंडमध्ये राहून मेंढ्या मोजल्या म्हणून?

पहिल्या वर्षी ईस्टरची सुट्टी बघून तुझ्याकडे आलो आणि सगळ्यांनी झाडं हिरवीगार असल्याचा ओरडा केला. मला स्वतःला ती बरीच पिवळी वाटत होती, पण तुझ्या मामीपुढे कोणाचं चालतं? गेल्या वर्षी ठरवून मेमध्ये आलो, तर सगळं झाड जमिनीवर आणि जमिनीवर नुसता चिखल. यंदा असं अंदाजपंचे चालणार नाही. ठाण्याच्या रंगाच्या कारखान्यात मी अडतीस वर्षं शेड मॅचिंग केलं, ते काय उगीच?

सोबत सगळ्या रंगांच्या नमुन्यांचं शेड कार्ड पाठवतो आहे. याचं जुळं माझ्याकडे कपाटात आहे. तुझ्या फार्मसीच्या मागे नदीकाठी जे पॉप्लर आहेत, त्यांचं एक पान दर आठवड्याला तोडायचं, कार्डाशी जुळवायचं आणि मला कळवायचं. पानही पाकिटात घालायचं. हिरवं सुटलं की आधी ‘मोहरी’, मग ‘हळद’, मग ‘चंपा’. चंपा आला की आम्ही निघालो! देवव्रतला ऑफिसात रजा आधी सांगावी लागते, तेव्हा कळवायला उशीर नको.

एक गोष्ट नीट लक्षात ठेव. रंग बघायचा तो उत्तरेच्या खिडकीत. उत्तरेला ऊन कधी येत नाही, उजेड दिवसभर सारखा राहतो. कार्ड तिथेच चिमट्याने अडकवून ठेवलंस तरी चालेल. ऊन लागलेल्या कार्डावर मात्र भरवसा ठेवायचा नाही. नमुनाच बिघडला की त्याच्याशी जुळवलेलं सगळं बिघडतं.

शुभंकररावांना नमस्कार. जावयाला पान तोडायला लावू नकोस, तू स्वतः जा. लोभ आहेच, तो कळता ठेव.

तुझा,
सुधाकरमामा


अलेक्झांड्रा,
२९ मार्च २०२६

ती. सुधाकरमामांस,
अस्मिताचा शि. सा. न.

पाडवा छान झाला. श्रीखंड घरी केलं, कडुनिंब कुठून आणणार, म्हणून नदीकाठच्या विलोच्या झाडाची पानं लावून गुढीची समजूत काढली. मामीला सांगा, तिच्या पद्धतीनेच चक्का बांधला होता.

आता तुमचा अहवाल. कार्ड आल्या दिवसापासून फार्मसीच्या उत्तरेच्या खिडकीत अडकवलं आहे. गिऱ्हाइकं विचारतात की दुकान रंगवायला काढलं का. मी सांगते, माझे मामा साउथ आयलंडचं शेड मॅचिंग करताहेत. एका म्हाताऱ्या बाईंना हे इतकं आवडलं, की आता त्या औषधं न्यायला आल्या की आधी झाडाची प्रकृती विचारतात आणि मग आपली सांगतात.

पहाटे दोनदा दहिवर पडलं आणि शेंडे पिवळे व्हायला लागले! सोबत पाठवलेलं पान माझ्या मते ‘मोहरी’च्या पुढे गेलंय, अगदी ‘हळदी’च्या उंबरठ्यावर आहे. इतक्या लवकर कसं, याचं मलाही नवल वाटतं. पोस्टमन आता रोज येत नाही, त्यामुळे हे पान पोचेपर्यंत झाड आणखी पुढे गेलेलं असेल. मला तर रात्री झोपेतही पिवळंच दिसतं.

तुमची खोली तयार आहे. हीटर दुरुस्त करून घेतलाय. आशीर्वाद असावेत आणि सूचनाही, त्या तर तुम्ही पाठवालच.

तुमची भाची,
अस्मिता


लोअर हट,
४ एप्रिल २०२६

चि. अस्मितास,
अ. आ. विशेष.

अगं, हे काय पाठवलंस? मोहरी? हळद? पाकिटातून निघाला तो चहाचा चोथा! मी तीनदा चष्मा पुसून बघितलं. माझ्या कार्डावर हे पान थेट ‘काथ’ आहे, आणि काथ म्हणजे चंपा होऊन गेल्यानंतरची पायरी. तुला रंग कळत नाहीत की झाडं आम्हाला न विचारता उरकून घेताहेत?

मी देवव्रतला सांगितलं की लगेच निघू. तो म्हणतो, बाबा, ईस्टरला साउथ आयलंडच्या फेरीबोटीत गाडीला जागा मिळायची नाही. मग पुढच्या आठवड्यात निघू म्हटलं, तर आता तुझी मामी काहीतरी दुसरंच घेऊन बसली आहे. ते जाऊ दे. तू फक्त दोन ओळींत लिही की झाडं पिकली आहेत आणि ताबडतोब या. माझी बॅग भरलेली आहे. थर्मासही घासून ठेवला आहे.

उत्तराची वाट बघत दाराशीच उभा आहे असं समज. माया असू दे.

तुझा,
सुधाकरमामा


लोअर हट,
५ एप्रिल २०२६

चि. अस्मितास,
सुनीतामामीचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी ह्यांना न सांगता टाकते आहे. ह्यांच्या पत्रातलं ते ‘काहीतरी दुसरंच’ म्हणजे ह्यांचे डोळे. तुझं पान छान पिवळं होतं गं! देवव्रतनेही बघितलं. ह्यांना तेवढं ते तपकिरी दिसलं.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि ही गोष्ट दोन वर्षांपासून ठाऊक आहे. पिकू दे, मग पुण्यात काढू, असं म्हणून हे टाळत आलेत. इथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की पिकायची वाट बघायचे दिवस गेले. पण खरं कारण वेगळं आहे. जन्मभर रंगावर पोट भरलेला माणूस, त्याला डोळ्याला हत्यार लावायची भीती वाटते. बोलून दाखवत नाहीत, पण मला कळतं. पहिल्या थंडीत मी ह्यांना निळा स्वेटर विणून दिला, तर राखाडी रंग म्हाताऱ्यांचा म्हणून कपाटात ठेवून दिला. निळा आहे म्हणून मी किती वेळा सांगितलं. मला रंग कळत नाहीत म्हणे!

आता बघ, कोणाचं तरी ऑपरेशन पुढे गेलं म्हणून ह्यांना १६ एप्रिलची तारीख मिळाली आहे, उजव्या डोळ्याची. त्यानंतर आठवडाभर प्रवास नाही. हे म्हणतात, तोवर पानं जातील, डोळा पळून जात नाही. मी म्हणते, तो तर रोज थोडा थोडा पळतोच आहे.

म्हणून माझं एवढं काम कर. झाडं अजून कच्ची आहेत, पंचवीस तारखेच्या आत काही बघण्यासारखं नाही, असं ठामपणे लिही. तुझ्यावर ह्यांचा विश्वास आहे. खोटं असलं तरी लिही, पाप माझ्या माथी.

तब्येतीला जप, थंडीत कानाला बांधत जा. जीव लावून आहेस तशीच राहा.

तुझी,
मामी


अलेक्झांड्रा,
१० एप्रिल २०२६

ती. सुधाकरमामांस,
शि. सा. न. वि. वि.

मामा, मोठा घोटाळा झालाय! काल संध्याकाळी पान जुळवायला कार्ड चिमट्यातून काढलं, तर चिमट्याखालची पट्टी गडद आणि बाकीचं सगळं कार्ड फिकं. ऊन लागून रंग उडाला होता. मी वेड्यासारखी बघत राहिले, आणि मग एकटीच इतकी हसले की आत काम करणारी मुलगी बाहेर आली. मामा, आपण विषुववृत्ताच्या खाली आहोत! इथे सूर्य उत्तरेकडून जातो. उत्तरेच्या खिडकीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसतं ऊन. सारखा, थंड उजेड येतो तो दक्षिणेच्या खिडकीत.

इथे घर घेताना उत्तरेचं ऊन हवं म्हणून आम्ही किती घरं नाकारली. तरीही तुम्ही सांगितलंत म्हणून मी डोळे मिटून कार्ड तिथे लावलं. लहानपणापासून रंगाच्या बाबतीत मामा म्हणतील ते खरं, आणि तुम्ही ठाण्याची उत्तर बरोबर घेऊन आलात.

रंग उडालेल्या कार्डाशी जुळवलं म्हणून मला झाड पुढे गेल्यासारखं वाटलं. चिमट्याखालच्या पट्टीशी, दक्षिणेला उभं राहून बघितलं, तर ते आत्ता कुठे ‘मोहरी’ला पोचलंय. म्हणजे माझा अहवाल चुकीचा होता. पण मामा, तुमचाही चुकीचा होता. तुमचं कार्ड तर कपाटात होतं, ते बिघडलेलं नाही. मग माझं पिवळं पान तुम्हाला काथासारखं का दिसलं?

रागावू नका. मी रोज औषधं देते, डोळ्यांत घालायचे थेंबही देते. मोतीबिंदूने जग असंच तपकिरी होत जातं, आणि इतकं हळू होतं की ज्याचं त्याला कळत नाही. पहिल्या वर्षीची हिरवी झाडं तुम्हाला पिवळी दिसली, गेल्या वर्षीच्या पानांचा तुम्हाला चिखल दिसला. नमुना बिघडला की त्याच्याशी जुळवलेलं सगळं बिघडतं, हे तुम्हीच लिहिलंत. आता नमुना तुमचा डोळा आहे.

मामीने मला सोळा तारखेबद्दल कळवलं. झाडं कच्ची आहेत, पंचवीसपर्यंत थांबतील, असं लिही म्हणाली. ते मी लिहिणार नाही, कारण मला माहीत नाही. थांबतील किंवा एका वाऱ्यात जातील. मला एवढंच ठाऊक आहे की या डोळ्यांनी तुम्ही चंपा बघायला आलात, तर चंपाच्या दिवशीसुद्धा तुम्हाला चहाचा चोथा दिसेल. आधी डोळा करून घ्या, मामा. मला तुमची फार काळजी वाटते.

मामी, तुझं नाव फोडलं, माफ कर. दोघांचाही हात डोक्यावर राहू दे.

तुमची,
अस्मिता


लोअर हट,
१९ एप्रिल २०२६

चि. अस्मितास,
मामीचे अ. आ.

नाव फोडलंस ते बरंच केलंस. तुझं पत्र ह्यांनी दोनदा वाचलं. मग होकायंत्र शोधायला लागले! सापडलं नाही, तर देवव्रतच्या फोनवर दिशा बघून सगळ्या घरभर फिरले, आणि शेवटी जेवणाच्या टेबलाशी येऊन म्हणाले की सोळा तारखेला सकाळी मला कोण नेणार आहे.

ऑपरेशन झालं. काही म्हणता काही दुखलं नाही. काल पट्टी काढली आणि तेव्हापासून घरात काही ठिकाणावर नाही. फ्रिज इतका पांढरा कधी घेतला म्हणून विचारतात. एक डोळा झाकतात, मग दुसरा झाकतात, आणि भिंतीकडे बघून हसतात. शेजारच्या बाईंनी कुंपणापलीकडून किया ओरा म्हणत नमस्कार केला, तर ह्यांनी त्यांच्या गुलाबांवर भाषण दिलं. माझ्याकडे मात्र टक लावून बघितलं आणि एवढंच म्हणाले की केस बरेच पिकलेत तुझे. घ्या!

डॉक्टरीणबाईंनी २३ तारखेला निघायला परवानगी दिली आहे. देवव्रतने ऑफिसात विचारलं, तर साहेब स्वीट ॲज म्हणाला म्हणे, म्हणजे खुशाल जा. पंचवीसला, अँझॅक डेच्या सुट्टीला, तुझ्याकडे पोचतो. चकल्या आणते आहे. तोवर झाडांना धरून ठेव.

तुझी,
मामी


लोअर हट,
२ मे २०२६

चि. अस्मितास,
सुधाकरमामाचे अनेक उत्तम आशीर्वाद. विशेष.

घरी सुखरूप पोचलो. सामान बांधायला काढलं आहे, पण मला हे पत्र आधी लिहायचं होतं.

त्या दिवशी गाडी तुझ्या फाटकात वळली, तेव्हा तू रडत उभी होतीस. मला वाटलं, मामा आला म्हणून भाचीला भरून आलं. मग तू सांगायला लागलीस की काल दिवसभर वारा सुटला होता, सगळं झडलं, मामा, एका दिवसाने हुकलं, मी तुम्हाला थांबायला लावलं. देवव्रत खाली मान घालून बसला होता. तुझी मामी तुझी समजूत काढत होती. मला तुमच्यापैकी कोणाचंच काही समजत नव्हतं, कारण मी समोर बघत होतो.

अस्मिता, फांद्यांवर पानं नव्हती हे मला तू सांगितल्यावर कळलं. मी जमीन बघत होतो. नदीपर्यंत सगळी जमीन पिवळी! गवतावर, बाकावर, कोणाच्या तरी छपरावर. गेल्या वर्षी याच जागी उभा राहून मी चिखल म्हणालो होतो. डावा डोळा उघडला की अजूनही चिखल, उजवा उघडला की चंपा. मी दहा वेळा करून बघितलं. तुम्ही सगळे मला सावरायला धावलात, म्हाताऱ्याला चक्कर आली म्हणून. चक्कर नव्हती, मी आनंदाने वेडा झालो होतो. हुकलं कोण म्हणतं? ठरवूनही इतकं वेळेवर कधी पोचलो नव्हतो.

डावा डोळा पुण्यात पोचल्याबरोबर करून घेणार आहे. पुढच्या एप्रिलमध्ये दोन्ही डोळे घेऊन येतो. खोली दुसऱ्या कोणाला देऊ नकोस. त्या वेळी झाडावर असोत की खाली, मी तारीख विचारणार नाही.

आणखी एक. काल कपाट आवरताना तुझ्या मामीने विणलेला स्वेटर हाती आला. मी तो आपल्या दक्षिणेच्या खिडकीत नेला, कार्ड काढलं आणि नीट जुळवलं. मोरपंखी निळा आहे गं. तीन थंड्या हा रंग माझ्या घरात होता. तिला म्हटलं, हे तू मला सांगायचंस तरी. ती डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली.

हे पत्र तोच घालून लिहितो आहे. इथे आज ऊन आहे, अंगाला घाम येतो आहे, आणि बॅगेत भरायचा म्हणून तुझी मामी दोनदा मागून गेली. मी काढणार नाही. विमानातही हाच घालणार.

माया आहेच, ती अशीच उघड्या डोळ्यांनी करत राहा.

तुझा,
सुधाकरमामा