निंबावरचं मडकं

आमगाव

आदरणीय कैलाशभाऊ यांना गोवर्धनचा रामराम. (जावयाने साळ्याला आधी रामराम घालावा की साळ्याने जावयाला, हा वाद आपल्या दोघांत माझ्या लग्नापासून मिटलेला नाही. तुम्ही वयाने मोठे, मी नात्याने. आज मी माघार घेतो, त्याला कारण आहे.) तुमची कंबर कशी आहे? देवरीला जंगलाची हवा, थंडी आमच्यापेक्षा जास्त, तेव्हा सकाळी कानाला मफलर गुंडाळल्याशिवाय बाहेर पडू नका. तुमची रेणू आणि तिचं लेकरू खुशाल असेल. घरात मालिश करायला आत्या असल्यावर बाळंतिणीला काय कमी? आमची शामकला तुमच्याकडे सव्वा महिन्यासाठी म्हणून आली होती, तो महिना केव्हाच उलटला, पण ते मनावर घेऊ नका. तुम्ही फोनवर विचारलं तेव्हाच मी म्हटलं होतं की अजून ठेवून घ्या, इथे काही अडलेलं नाही. तेच आता लेखी देतो. काही अडलेलं नाही.

फोन सोडून पत्र का, असं तुम्ही विचाराल. भाऊ, तुम्ही फोन आला की स्पीकर लावून ओसरीवर ठेवता, त्यामुळे माझं बोलणं तुमच्या गोठ्यातल्या म्हशीलाही कळतं. यातल्या काही गोष्टी शामकलाच्या कानावर जाण्यासारख्या नाहीत. म्हणून हे पत्र आमच्या समोरचे कापडवाले मुन्नालालजी देवरीच्या बाजाराला येताहेत त्यांच्या हाती देतो. (त्यांना चहा पाजा. झाल्या प्रकारात त्यांचाही मोठा वाटा आहे.)

आमच्या घरची बजीची जोडी तुम्हाला ठाऊक आहे. दुकानदार त्यांना लव्हबर्ड म्हणून विकतो, पण आमची लेक दामिनी म्हणते की बजी वेगळे आणि लव्हबर्ड वेगळे. आपल्याला काय, बारका पोपट. दामिनी नर्सिंगला नागपूरला गेली आणि पिंजरा तिच्या आईच्या गळ्यात टाकून गेली. पिवळी मादी ती हळदी, निळा नर तो निळोबा, ही नावं शामकलाची. दिवसभर ती त्यांच्याशी बोलते. भाजी काय केली, नळ किती वाजता आला, मी काय चुकलो, सगळं. देवरीच्या बसमध्ये चढताना मला बजावून गेली, "दानापानी द्या अन् चूप राहा. बाकी कायले हात लावू नोका. तुमच्या हातानं मोटर जिती होते, पाखरू नाही."

आता भाऊ, तालुक्यात कुठेही मोटरपंप जळला की तो वाइंडिंगला माझ्याच दुकानात येतो, हे खरं. पण पाखरू नाही, हे मला लागलं. मी ठरवलं की ही परत येईल तेव्हा पिंजऱ्यात पिल्लं असली पाहिजेत. मोबाईलवर एक गृहस्थ पक्ष्यांच्या वंशवाढीवर व्हिडिओ टाकतात, ते बघायला बसलो. त्यांचं म्हणणं, मादीची नाकाची पट्टी तपकिरी झाली आणि नराची चकचकीत निळी झाली की जोडी तयार समजा. पाहिलं, तर दोघांच्याही नाकांचा रंग अगदी सांगितल्यासारखा! म्हणजे लग्नघर तयार होतं, फक्त मांडव घालायचा बाकी होता.

खुराकापासून सुरुवात केली. कांगणीचे बारीक दाणे तर होतेच, वर भिजवून मोड आणलेलं धान्य, कोथिंबीर, पिंजऱ्याला अडकवायला समुद्रफेस (मादीला अंड्याच्या टरफलासाठी तो लागतो, आपल्या बाळंतिणीला डिंकाचा लाडू तसा). एवढ्यावर थांबलो असतो तर बरं, पण व्हिडिओवाल्याने उकडलेलं अंडंही सांगितलं. शामकलाच्या स्वयंपाकघरात अंडं शिरलं तर मी बाहेर, हे तुम्ही जाणताच. म्हणून दुकानातल्या चहाच्या भांड्यात उकडलं. मग त्याच भांड्यात गिऱ्हाइकांना चहा दिला. एकाने चव वेगळी लागते म्हटलं, मी म्हटलं आलं नवीन आहे. (हा परिच्छेद वाचून झाल्यावर फाडून टाकला तरी चालेल.)

मग मडकं. कुंभारणीकडून बारकं मडकं आणलं, ड्रिलने त्याच्या कुशीला गोल भोक पाडलं आणि पिंजऱ्यात टांगलं. हळदीने त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. व्हिडिओवाला म्हणतो, जागा शांत हवी. मी टीव्ही बंद केला, गेटच्या बिजागरीला तेल घातलं आणि घरात येणाऱ्या प्रत्येकाला ओठांवर बोट ठेवून गप्प करायला लागलो. घर इतकं शांत झालं की माझ्याच गुडघ्याची कटकट मला ऐकू यायला लागली. तरी हळदी मडक्याकडे पाठ करून बसे. शेवटी वाटलं, मातीचा नवा वास तिला सोसत नसेल. मडकं बाहेर काढलं, रात्रभर पाण्यात भिजवलं आणि वास जावा, मांजरही पोचू नये म्हणून दारातल्या निंबाला टांगायचं ठरवलं.

टांगायला तांब्याची तार हवी होती, ती दुकानात वरच्या फळीवर. तार ओढली आणि तिच्यासोबत वाइंडिंगच्या व्हार्निशचा डबा डोक्यावर आला. भाऊ, हे व्हार्निश मोटर जळेपर्यंत निघत नाही. न्हाव्याने डोकं चाचपलं आणि एकच उपाय सांगितला. डोकं गेलं. ओघळ मिशीवर आला होता, मिशीही गेली. तसाच घरी आलो आणि ओलं मडकं निंबाला बांधलं.

आता तुम्ही मुन्नालालजींच्या जागी उभे राहून पाहा. त्यांच्या गावाकडे माणूस गेलं की पिंपळाला भोकाचं मडकं टांगतात, त्यातून पाणी ठिबकत राहतं. आमच्या दारात पिंपळ नाही, तेव्हा निंबावर भागवलं असं त्यांना वाटलं. मडकं ठिबकत होतं. मी डोकं-मिशी काढून अंगणात उभा. घरातली बाई कित्येक दिवस दिसली नाही. टीव्ही बंद, घर चिडीचूप. माणसाने आणखी काय समजावं?

थोड्या वेळाने मुन्नालालजी आणि त्यांच्या घरच्या सुशिलाबाई पांढऱ्या कपड्यांत आले. मी सवयीने ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी समजून मान हलवली आणि पुढच्या खोलीतल्या सतरंजीवर बसले. मागून शेजारच्या पुष्पाबाई आल्या, मग राइस मिलवाले आले, गल्ली लोटली. सगळे खाली माना घालून गप्प. मला वाटलं, व्हिडिओ सगळ्यांनीच पाहिलेला दिसतो, पाखरांची किती काळजी आहे लोकांना! सुशिलाबाईंनी कढीभाताचा डबा पुढे सरकवला. शामकला नाही म्हणून आणला असेल, असं समजून मी तो लगेच उघडला. (आता कळतं की मी दोन वेळा कढी मागून घेतली तेव्हा पुष्पाबाई माझ्याकडे तशा का पाहत होत्या.)

मग मुन्नालालजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "भाऊ, भाभीजी बहुत अच्छी थी. हमको एक फोन तो करते."

भाऊ, त्या 'थी'ने माझ्या हातातला घास तसाच राहिला. ती देवरीला आहे, सकाळीच तिचा फोन आला होता, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी एकदा घरभर नजर फिरवली. दाराशी तिच्या घरात घालायच्या चपला, खुंटीवर शाल, बंद टीव्ही आणि गप्प बसलेली पाखरं. क्षणभर मलाच खरं वाटलं. मग म्हणालो की अहो, ती देवरीला आहे, भाचीच्या बाळंतपणाला.

मग सुशिलाबाई कडाडल्या, "तो ये डोक्स्याचे बाल काऊन काढले? अन् मडका कायले टांगला?" मी सगळं सांगितलं, अंड्याचं सोडून. पुष्पाबाईंनी कपाळाला हात लावला आणि हसता हसता सतरंजीवर आडव्या झाल्या. सगळे एकदम बोलायला लागले, मुन्नालालजी स्वतः स्टुलावर चढून अपशकुनी मडकं खाली घेऊन आले. त्या गोंधळातच मी ते पिंजऱ्यात टांगलं. आणि भाऊ, इतके दिवस रुसलेली हळदी तुरुतुरु आली, भोकात मान घातली आणि सरळ आत गेली. निळोबा बाहेर किलबिलत बसला. लोकांनी नव्या नवरीला पाहावं तसं तिला पाहिलं.

माणसं गेली, घर गप्प झालं, आणि हळदी बाहेर येऊन पुन्हा पाठ करून बसली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हे थव्याचे पक्षी, त्यांना बोलण्याचालण्याची सवय. मी टीव्हीवर बातम्या लावून पाहिल्या, तर दोघं कोपऱ्यात दडली. मग शामकलाने मोबाईलवर पाठवलेला आवाजी निरोप लावला. त्यात विशेष काही नाही. "कांगणी सरली का पाहा. गेटची कडी लावा. अन् जेवले का?" एवढंच. तो मी पुन्हा पुन्हा लावला, स्पीकर लावून (हे तुमच्याकडूनच शिकलो). हळदी मडक्यात गेली ती गेली. आता आत अंडी आहेत. ती उबवत बसते आणि निळोबा मडक्याच्या तोंडाशी येऊन तिला आपल्या चोचीतला दाणा भरवतो. खुर्ची टाकून ते पाहत बसलो की मोटरींची गिऱ्हाइकं बाहेर ताटकळतात. माझं छान चाललं आहे. वहिनींना नमस्कार, लेकराला आशीर्वाद.

आपला,
गोवर्धन

ता. क. आमच्या गल्लीच्या ग्रुपवर कोणीतरी शामकलाचा फोटो श्रद्धांजलीसह टाकला होता, तो काढला आहे. तुमच्यापर्यंत आला असेल तर तिला दाखवू नका. लग्नातला डोळे मिटलेला फोटो आहे, बाकी सगळं सोडून ती त्यावरूनच चिडेल.

दुसरा ता. क. पिल्लं निघायच्या वेळी हळदीला ओळखीचा आवाज हवा, मोबाईलवर किती दिवस भागणार? तेव्हा रेणूला जमत असेल तर या आठवड्यात शामकलाला आमगावच्या बसमध्ये बसवून द्या. मी बोलावलं असं सांगू नका, हळदीसाठी म्हणा.

तिसरा ता. क. पत्र बंद करण्याआधी खरं ते लिहितो. हळदी अंड्यांवर बसली तेव्हापासून तिला आवाजाची काही पडलेली नाही, आणि पिंजराही मी मागच्या खोलीत हलवला आहे. निरोप मात्र पुढच्या खोलीत रोज लावतो. ती जेवले का विचारते, आणि मी हो म्हणतो.