लव्हाळ्याचा काठ

रिसोड, ६ मे १९७४

ति. देवमनदादास, भागिरथाचा सप्रेम जयभीम. वि. वि.,

मुलांचा खोकला गेला हे वाचून जीव भांड्यात पडला. इथे माय माझ्याशी बोलत नाही. दुष्काळी कामावर दगड वाहून तिने नगरपालिकेच्या बागेतल्या तळ्याला भिंत घातली, आणि मी, तिची शिकलेली लेक, ती काढा म्हणते आहे. पण दादा, भिंतीने काठ मेला. लव्हाळी गेली, बेडूक गेले, पाणी वास मारते. परवा शेजारच्या जमनाबाई धुणे धुताना घसरल्या, तर उभ्या भिंतीला धरायला काही नव्हते. मायनेच पदर फेकून त्यांना ओढले. तरी राग कायम!

नगराध्यक्ष रामराव म्हणाले की, मास्तरीणबाई, लोक पक्के काठ मागतात, तुम्ही चिखल मागता? दादा, काठावर लावायला आपल्या गावच्या नाल्यातली लव्हाळी मिळतील का? वहिनीस नमस्कार. लोभ आटू देऊ नये.

तुझी बहीण,
भागिरथा

किन्हीराजा, १५ मे १९७४

चि. भागिरथाले आशीर्वाद.

मायचा राग भिंतीसाठी नाही. त्या साली त्याच दगडानं आपल्या घरात जवारी आली, ते तू इसरली असं तिले वाटून राह्यलं. भांडू नको. तिले तळ्यावर ने अन् काय करावं ते तिलेच इचार. लव्हाळं, पाणकणीस लागन तेवढं आणतो. तुई वहिनी म्हणते, नणदबाईनं माहेराहून मागून मागून चिखल मागितला! तब्येतीले जप, माया ठेव.

तुया भाऊ,
देवमन

रिसोड, ९ जून १९७४

ति. दादास सप्रेम जयभीम. वि. वि.,

लव्हाळी उतरवून तू त्याच एस्टीने परतलास आणि तिच्या टपावरून गळलेल्या चिखलाबद्दल कंडक्टर अजून मलाच ऐकवतो.

तू सांगितल्याप्रमाणे मायला तळ्यावर नेले होते, ते तुला सांगायचे राहिले. ती भिंतीवर बराच वेळ बसली. मी म्हटले, तू दगड उचललेस म्हणून माझे मास्तरकीचे शिक्षण पुरे झाले, हे मी विसरलेली नाही; आता काठाचे काय करायचे ते तूच सांग. ती रडली. दुसऱ्या दिवशी कामावरच्या साऱ्या बाया घेऊन रामरावांच्या दारात उभी! म्हणाली की, तवा पोटासाठी रचले, आता तळ्यासाठी आमीच काढतो. बांधणाऱ्यांनाच नाही कसे म्हणणार? एक बाजू मिळाली. काठ उतरता केला, तुझी लव्हाळी लावली. रामराव म्हणतात, पहिल्या पुरात सारे वाहून जाईल. मलाही धाकधूक आहेच. कृपादृष्टी असावी.

भागिरथा

रिसोड, २१ सप्टेंबर १९७५

ति. दादास आनंदाचा जयभीम!

यंदा तळे फुगून बागेत शिरले. समोरची भिंत पंधरा-वीस हात ढासळली. आपला काठ? लव्हाळी आडवी झाली, पाणी उतरताच पुन्हा उभी! मुळांनी माती मुठीत धरली होती. रामराव चिखलात उभे राहून सगळ्यांदेखत म्हणाले की, मी चुकलो, उरलेली भिंतही काढा. मायला त्यांनी बायांची मुकादम नेमले आहे. तुझ्याकडे दिवाळीला येतेस का विचारले, तर म्हणते, मले टाइम नाही.

काल पाणकणसातून टिबुकली पक्षीण पोहत निघाली, पाठीवर दोन पिल्ले. माझा सगळा वर्ग काठावर आनंदाने ओरडायला लागला. मायने ओठांवर बोट ठेवले, आणि साठ पोरे, मी अन् काठ बघायला आलेले खुद्द रामराव श्वास रोखून उभे राहिलो.

लवकर ये. जिव्हाळा वाढता राहो.

तुझी,
भागिरथा