पाठ घासायला कोणी तरी

हार्बिन, २० ऑक्टोबर १९९८

ती. आईस, यिनिंगचा शि. सा. न.

मळक्या कपड्यांचं बोचकं काल पोस्टात टाकलं. लवकर धुऊन पाठव, दोनच शर्ट उरलेत. खोलीतल्या मुली मला ‘आईचं पार्सल’ म्हणतात. आई, मला इथून घेऊन जा. कॉलेजचं न्हाणीघर म्हणजे एकच मोठी खोली, ना पडदा ना आडोसा. आल्यापासून पन्नास दिवसांत मी तिथे पाय ठेवलेला नाही. मच्छरदाणीआड बसून ओल्या फडक्याने अंग पुसते. वर्गात शेजारची मुलगी आता बाक सोडून बसते, म्हणून वर्गातही जात नाही. नाव काढायचा अर्ज नोव्हेंबरअखेरपर्यंत घेतात, त्यावर पालकांची सही लागते.

लोभ असेल तर ये.

तुझी, यिनिंग

शाओशिंग, ३० ऑक्टोबर

चि. यिनिंगला आईचे अनेक आशीर्वाद.

वीस नोव्हेंबरच्या गाडीचं तिकीट काढलं. येते, सही करते आणि तुला घरी आणते. प्रवेशपरीक्षा पुन्हा देता येईल. तुझ्या कॉलरी बघून रडूच आलं गं. बाबा म्हणतात, पोरीला जरा राहू दे. त्यांना काय जातंय बोलायला, तुझा एक मोजा तरी कधी धुतलाय त्यांनी? त्या मुलींची नावं लिहून ठेव, एकेकीला बघते. मी येईपर्यंत काही धुऊ नकोस, थंडीत हात फुटतील.

जिवाला जप.

आई

हांगचौ, ५ नोव्हेंबर

सुफेनताईस, सुपेईचा सा. न. वि. वि.

ताई, तुझं पत्र मिळालं. ते तिकीट परत कर. पोरगी अठरा वर्षांची घोडी झाली तरी दर रविवारी तिची पाठ तू घासत होतीस. आता दोष न्हाणीघराचा कसा? तू सही केलीस तर ती उद्या प्रत्येक दारातून माघारी फिरेल. मी चार वर्षं तिकडे उत्तरेतच नोकरी केली आहे. तिथे न्हाणीघरात शेजारणीला पाठ घासायला सांगतात, त्यात लाज नसते. यिनिंगलाही लिहिलंय, एकीला तरी विचारून बघ म्हणून.

रागव हवं तर, पण अबोला धरू नकोस.

तुझी, सुपेई

हार्बिन, १३ नोव्हेंबर

ती. आईस, शि. सा. न.

मावशीचं पत्र तीन दिवस उशीखाली होतं. काल खोलीतल्या शुएछिनला विचारलं. मला वाटलं ती हसेल. तिने नुसता टॉवेल उचलला आणि चल म्हणाली. मी डोळे मिटूनच आत गेले. तिने अशी घासली की पाठ लालेलाल. म्हणाली, एवढ्या मळात बटाटे लावता येतील. मग मीही हसले. नंतर तिने पाठ माझ्याकडे केली आणि मी नुसती उभी. आई, मी आजवर कोणाचीच पाठ घासलेली नाही. जोरात घास, जोरात घास, असं तीच शिकवत होती.

आज वर्गात गेले. सही करायला येऊ नकोस. एक विचारू? तुझी पाठ कोण घासतं गं?

यिनिंग

शाओशिंग, २१ नोव्हेंबर

चि. यिनिंगला अनेक आशीर्वाद.

काल मी गाडीत चढणार, तेवढ्यात तुझे बाबा धापा टाकत फलाटावर आले, हातात तुझं पत्र. उभ्या उभ्या वाचलं. वाचून होईतो गाडी हलली. बाबांनी सामान उचललं आणि आम्ही घरी आलो. मला अजून धड बरं वाटत नाही. कपड्यांचं बोचकंही आलं नाही या खेपेला, घंगाळ कोरडंच आहे.

पाठीचं विचारलंस. माझी आई गेल्यापासून कोणी नाही. हात पोचतो तिथवर घासते.

वसंतोत्सवाला, नव्या वर्षाच्या सुट्टीवर ये. पाणी मी तापवून ठेवीन, घासायचं तू.

आई