तिसऱ्यातच अडकलेली गाडी

१२ जानेवारी, सोमवार

अण्णांकडून गाडीची चावी काढून घेतली मी काल. भर मांडवासमोर! कुसुमआत्यांच्या नातीचा साखरपुडा होता वालूरला. अण्णांची सख्खी बहीण ती—तिच्याच दारात मी, सून असून, तिच्या भावाला शाळेतल्या पोरासारखं ओरडले.

निघायची वेळ. अण्णा गाडीत बसले, इंजिन सुरू केलं, आणि गाडी जी उसळली ती थेट मांडवाच्या खांबावर. पाण्याचा जार आडवा. खांबाला टेकून बसलेल्या बायका किंचाळत उठल्या. कुणाला लागलं नाही, देवाची कृपा.

"लक्ष कुठंय अण्णा तुमचं? बास झालं आता! चावी द्या इकडं."

कुसुमआत्या माझा दंड धरून हळूच म्हणाल्या, "मैथिली, लोकं बघायलेत गं."

मला दिसत होते की लोक. तरी हात तसाच पुढं! अण्णांनी चावी माझ्या तळहातावर ठेवली आणि मागच्या सीटवर माझ्या लेकीजवळ, श्रद्धाजवळ जाऊन बसले. आयुष्यभर हेडमास्तरकी केलेला माणूस.

परभणीपर्यंत मीच चालवली. गाडी उठतच नव्हती. इंजिन नुसतं बोंबलायलं, वेग काही येईना. घरी आल्यावर नवऱ्याला, शंतनूला पुण्याला फोन लावला. तो म्हणाला, "बाबांनी ब्रेक-अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबून गिअरबॉक्सची वाट लावली असणार." मी पण हो म्हणाले. वर आणखी चार गोष्टी सांगितल्या त्यांच्या. अण्णा शेजारच्या खोलीत होते!

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तिळगूळ द्यायला गल्लीतली माणसं आली. दिनकरराव अण्णांना म्हणाले, "मास्तर, फेरी दिसंना तुमची! पेडगावला जाणं बंद?"

"गाडी दुरुस्तीला हाय."

गाडी तर समोरच उभी होती, फाटकात. दिनकररावांनी गाडीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी तिळगुळाची वाटी घेऊन आत पळाले.

डाव्या अंगावरून वारं गेलं तेव्हा अण्णा दोन महिने भिंतीकडं तोंड करून पडून असायचे. ही गाडी आली तेव्हा माणसात आले. जुनीच घेतली, पण ऑटोमॅटिक—क्लच नाही, डाव्या पायाला कामच नाही. पहिल्या दिवशी गल्लीत चक्कर मारून आले तर चेहरा असा की जणू लग्न ठरलंय! तेव्हापासून श्रद्धाला शिकवणीला सोडायचं काम त्यांचं. आणि गुरुवारी पेडगावला मित्राकडं.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी.

१५ जानेवारी, गुरुवार

पेडगावला गेले नाहीत. मी विचारलं पण नाही. काय तोंडानं विचारू?

१७ जानेवारी, शनिवार

माझी शाळा सुटल्यावर गाडी हरिओमच्या गॅरेजला नेली. त्यानं इंजिन चालू ठेवूनच गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी ओढली, फडक्यानं पुसली, परत घालून बघितली. हे तेल म्हणे गाडी गरम असताना, चालू असतानाच बघायचं.

"तेल लालभडक हाय मॅडम. पातळी बरोबर. जळका वास न्हाई." मग डोकं खाजवलं. "तरी मला वाटतं गिअरबॉक्स उतरवावा लागंल. म्हातारे लोक ब्रेकवर पाय ठिवून चालवतात, त्यानं जातो."

मी म्हणाले, "तेच तर!"

किती पटकन म्हणाले! गाडीत बसल्यावर कळलं की मला तेच ऐकायचं होतं. गिअरबॉक्स जाऊ दे, पण वालूरला मी खरी ठरू दे. लाज वाटली पाहिजे.

१८ जानेवारी, रविवार

जिंतूर रोडला एकटीच घेऊन गेले. नीट बघायचंच ठरवलं. थांबलेली गाडी निघताना जड, मेल्यासारखी. एकदा पळायला लागली की मात्र झकास—घसरणं नाही, आवाज नाही. गिअरबॉक्स घसरत असता तर पळतानाही घसरला असता ना? दांडा खालच्या गिअरवर आणून बघितला. फरक शून्य!

मग आठवलं. वडिलांची जुनी स्कूटर चुकून तिसऱ्यात टाकून सोडली की अशीच रडत निघायची. म्हणजे ही खराब झालेली नाही. ही तिसऱ्यातच अडकलीय.

२० जानेवारी, मंगळवार

हरिओमला सांगितलं. तो म्हणाला, "असं व्हतं. गाडीच्या कंप्यूटरला वेग कळंना झाला की ती एकच गिअर धरून बसती, जीव वाचवायला." मशीन लावली. वेगाचा सेन्सर बोलत नव्हता. गाडी वर उचलली, बॅटरी धरून दोघं खाली वाकलो—वायर कुरतडलेली! उंदीर! फाटकाशेजारी आपणच लाकडं रचून ठेवलीत, तिथलेच असणार.

वायर जोडली. गाडी पहिल्यासारखी, लोण्यासारखी निघाली.

मी विचारलं, "म्हणजे दांडा डीवर, पुढं जायला, टाकल्यावर धक्का गाडीनंच दिला असेल?"

"अशा गाडीला धक्का बसतोच. पण खांबापर्यंत जाईल का, ते मी कसं सांगू मॅडम? मी काय तिथं व्हतो?"

पुढचं मी ऐकलंच नाही. माझ्या कानात एकच—अण्णांचा दोष नव्हता. नव्हताच!

घरी आले, पण त्यांच्यासमोर जायची हिंमत झाली नाही. भाजी चिरत बसले.

२१ जानेवारी, बुधवार

आजही नाही. शब्द तोंडापर्यंत येतात आणि मी "अण्णा, चहा ठेवू का?" म्हणते.

२४ जानेवारी, शनिवार

बोलले! श्रद्धासमोरच बोलले, कारण अपमानही तिच्यासमोरच केला होता. पाया पडले. "अण्णा, गाडीतच बिघाड होता. उंदरांनी वायर खाल्ली होती. तुमची काही चूक नव्हती. मी लय वाईट वागले."

अण्णा म्हणाले, "झालं ते झालं. राहू दे."

मी चावी पुढं केली. "राहू दे की मैथिली." मी ऐकते कशाची! त्यांच्या हातात कोंबली, मूठ मिटवली. श्रद्धा टाळ्या पिटायली. "चला ना आजोबा, पेडगावला!" शेवटी उठले.

लय हळू चालवली. बैलगाडी पुढं गेली तरी मागेच. एवढ्या थंडीत सदरा घामानं पाठीला चिकटलेला. मला वाटलं, मनाला किती लागलंय यांच्या! सगळं माझ्यामुळं. सबंध रस्ता स्वतःला शिव्या देत आले. घरी आल्यावर अण्णा स्टिअरिंगवर कपाळ टेकवून बसले होते. मी श्रद्धाला म्हणाले, आजोबांना जरा एकटं बसू दे.

आज जरा हलकं वाटायलंय.

२५ जानेवारी, रविवार

सकाळी अण्णांनी हाक मारली. दार लावून घ्यायला सांगितलं. चादर बाजूला केली आणि उजवा पाय दाखवला. टाचेला मोठी जखम, पिकलेली. केव्हा लागलं? त्यांना माहीत नाही. कळलंच नाही.

"शुगरनं गेला गं हा पण. खाली बघितल्याशिवाय पाय कुठंय कळत न्हाई मला. वालूरला ब्रेक समजून दाबलं ते ब्रेक नव्हतं. तू चावी मागितलीस तेव्हा सुटलो वाटलं होतं. काल तू पाया पडलीस, मग सांगायची लाज वाटली."

काल मागच्या सीटवर श्रद्धा होती.